कार्ब मोजायचे तर परातीपासून सुरुवात करा: लो-कार्ब डाएट एकट्याने का जमत नाही?

शुगरचा रिपोर्ट वर-खाली झाला किंवा वजनाचा काटा पुढे सरकला, की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: "कार्ब कमी करा." मग मोबाईलमध्ये एखादं अ‍ॅप येतं. पहिल्याच दिवशी अ‍ॅप विचारतं, "पोळी किती ग्रॅमची?" आणि गाडी तिथेच अडते. कारण पोळी खाणाऱ्याला ते माहीतच नसतं. पीठ किती घेतलं, गोळा केवढा केला, आमटीत डाळ किती पडली, हे सगळं स्वयंपाक करणाऱ्यालाच ठाऊक असतं.

मराठी घरात लो-कार्ब डाएट फसण्याचं हे एक साधं कारण आहे. पाकिटातलं अन्न असेल तर मागचं लेबल वाचून एकट्याला हिशेब करता येतो. घरी शिजणाऱ्या जेवणाचा हिशेब मात्र शिजवणारा आणि खाणारा अशा दोघांनी मिळूनच होतो. तो कसा करायचा, त्यात नवऱ्याने काय करायचं, बायकोने काय करायचं आणि कुणी मुळीच हा प्रयोग करू नये, ते समजून घेऊया.

कार्ब म्हणजे काय आणि 'लो' म्हणजे किती?

कार्ब म्हणजे कार्बोहायड्रेट, मराठीत कर्बोदकं. धान्यातला स्टार्च, फळांतली आणि दुधातली साखर, चहातली साखर हे सगळे कार्बच. पचन झाल्यावर त्यांची मुख्यतः ग्लुकोज बनते आणि ती रक्तात जाते. एक ग्रॅम कार्बमधून साधारण ४ कॅलरी मिळतात.

'लो-कार्ब' कशाला म्हणायचं याची एकच एक व्याख्या नाही. पण दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब असतील तर त्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमवर आणलं की तो किटो डाएटच्या जवळ जातो.

आपण सध्या किती खातो? आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणावर आधारित एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात आला. त्यानुसार भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कॅलरी कार्बमधून येतात. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के आहे. २,००० कॅलरींचा आहार धरला तर ६२ टक्के म्हणजे दिवसाला साधारण ३१० ग्रॅम कार्ब.

द्वारकेतल्या एका घराचं ताट

आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून एक उदाहरण घेऊया. नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. त्या आसपासच्या वस्तीत राहणारं एक कल्पित, पण नेहमीचं शाकाहारी घर धरा. नोकरीवरून येणारा नवरा, घर आणि काम दोन्ही सांभाळणारी बायको. दोघांपैकी एकाचं दिवसभराचं खाणं असं:

- सकाळ-संध्याकाळ दूध घातलेला चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर: २८ ग्रॅम कार्ब
- नाश्त्याला कांदेपोहे (कोरडे पोहे ६० ग्रॅम): ४६ ग्रॅम
- दुपारी तीन पोळ्या (कणीक ९० ग्रॅम): ५८ ग्रॅम
- वाटीभर भात (कोरडे तांदूळ ५० ग्रॅम): ३९ ग्रॅम
- तुरीचं वरण (डाळ २५ ग्रॅम): १४ ग्रॅम
- बटाट्याची भाजी (बटाटा १०० ग्रॅम): १५ ग्रॅम
- संध्याकाळी १०० ग्रॅम द्राक्षं: सुमारे १६ ग्रॅम
- रात्री ज्वारीच्या दोन भाकरी (पीठ १२० ग्रॅम): ८१ ग्रॅम
- पिठलं (बेसन ३० ग्रॅम): १४ ग्रॅम

बेरीज होते ३११ ग्रॅम. म्हणजे देशाची सरासरी जिथे आहे, तिथेच. यात मिठाई नाही, वेफर्स नाहीत, कोल्ड्रिंक नाही. "आम्ही तर साधंच जेवतो" असं म्हणणाऱ्या घराचं हे ताट आहे.

भाकरी खाल्ली म्हणजे कार्ब कमी झाले का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात दर १०० ग्रॅममागे कार्ब असे दिले आहेत: गव्हाची कणीक ६४ ग्रॅम, ज्वारी ६८ ग्रॅम, बाजरी ६२ ग्रॅम, पांढरा तांदूळ ७८ ग्रॅम. म्हणजे ज्वारीत गव्हापेक्षा कार्ब थोडे जास्तच आहेत. त्यात भाकरीचा उंडा पोळीच्या गोळ्यापेक्षा मोठा असतो. म्हणून एका भाकरीत साधारण दोन पोळ्यांएवढे कार्ब सहज जातात.

याचा अर्थ भाकरी वाईट असा नाही. भाकरीला तेल लागत नाही, फायबर भरपूर असतं आणि पोट लवकर भरतं. पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी घेतल्या तर 'लो-कार्ब' होत नाही. 'नेचर मेडिसिन'मधल्या त्या अभ्यासातही हेच दिसलं. एकूण कार्ब तेवढेच ठेवून नुसतं तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ वापरल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. थोडे कार्ब काढून त्या जागी डाळी, दूध-दही यांसारखी प्रथिनं आणली, तेव्हा धोका कमी असल्याचं दिसलं.

उपवासाचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. कोरड्या १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कार्ब असतात. एकादशीला पोळी सोडून खिचडी खाल्ली तर त्या दिवशी कार्ब कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात.

मग नाशिककरांची मिसळ? मटकीच्या उसळीत कार्ब असतात, पण सोबत प्रथिनं आणि फायबरही असतं. हिशेब बिघडतो तो पाव आणि फरसाणामुळे. एका मध्यम पावात साधारण १५ ते १८ ग्रॅम कार्ब असतात. दोन पाव आणि वर एक 'एक्स्ट्रा' घेतला की ५० ग्रॅमच्या आसपास कार्ब फक्त पावातून गेले.

मोजायचं कसं?

शिजलेल्या अन्नावरून कार्ब काढणं अवघड असतं, कारण पाणी किती मुरलं हे प्रत्येक घरात वेगळं. म्हणून कोरडं वजन घ्यायचं. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो.

पोळी: परात काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि कणीक घाला. समजा ३०० ग्रॅम कणीक घेतली आणि १० पोळ्या झाल्या. मग एका पोळीत ३० ग्रॅम कणीक, म्हणजे साधारण १९ ग्रॅम कार्ब.

भात: कुकरमध्ये लावताना तांदूळ मोजा. २०० ग्रॅम तांदळात साधारण १५६ ग्रॅम कार्ब. भात शिजल्यावर त्याचं एकूण वजन करा. ते ६०० ग्रॅम भरलं तर १०० ग्रॅम भातात २६ ग्रॅम कार्ब. आपली नेहमीची वाटी एकदा भरून तिचंही वजन करून ठेवा.

वरण-आमटी: डाळ किती घातली आणि एकूण किती वाट्या झाल्या, एवढंच लिहा. १०० ग्रॅम तूरडाळीत ५५ ग्रॅम कार्ब आणि जवळपास २२ ग्रॅम प्रथिनं असतात.

पालेभाज्या, वांगी, दोडकी, कोबी, काकडी यांचं वजन रोज करायची गरज नाही. त्यांत कार्ब कमी असतात. बटाटा, रताळं, मका आणि फळं मात्र मोजा. अंडी, मासे, चिकन यांत कार्ब जवळपास नसतात.

हे आयुष्यभर करायचं नाही. आठ-दहा दिवस केलं की आपल्या घरची पोळी, आपली वाटी, आपला डाव यांचा अंदाज डोळ्यांत बसतो. पीठ बदललं किंवा पोळ्या करणारा हात बदलला, तर पुन्हा एकदा मोजायचं.

इथे एक तांत्रिक गोष्ट महत्त्वाची आहे. अनेक अ‍ॅप अमेरिकी पद्धतीने चालतात. तिथे एकूण कार्बमध्ये फायबर धरलेलं असतं आणि ते वजा करून 'नेट कार्ब' काढतात. एनआयएनच्या तक्त्यांत फायबर आधीच वेगळं काढलेलं आहे. वरचे धान्य-डाळींचे आकडे त्या पद्धतीचे आहेत. त्यातून पुन्हा फायबर वजा केलं तर कणकेचे ६४ ग्रॅम थेट ५३ वर येतील आणि हिशेब चुकेल.

किती कमी करायचं?

१३० ग्रॅमवर उडी मारण्याआधी एक मधला रस्ता पाहा. आयसीएमआर-इंडियाबच्याच माहितीवरून २०२२ मध्ये संशोधकांनी एक गणित मांडलं होतं. मधुमेह असलेल्यांची साखर पुन्हा नियंत्रणात यावी यासाठी कार्ब एकूण कॅलरींच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावेत आणि प्रथिनं १९ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांतही धान्यातून येणाऱ्या कॅलरी ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवा, असं सांगितलं आहे.

आपल्या द्वारकेतल्या ताटाला हे लावून पाहा. चहातली साखर काढली, २० ग्रॅम गेले. दुपारचा भात काढला, ३९ ग्रॅम गेले. ३११ चे झाले २५२. दोन हजार कॅलरींचे साधारण ५० टक्के. मात्र भाताच्या जागी दही, उसळ, पनीर, अंडं असं काहीतरी यायला हवं. नाहीतर चार वाजता भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो.

आणि खरंच १३० च्या आत जायचं असेल तर दिवस असा दिसतो: बिनसाखरेचे दोन चहा (८ ग्रॅम), नाश्त्याला मूगडाळीचं धिरडं (४० ग्रॅम डाळ, २१ ग्रॅम), दुपारी एक पोळी, घट्ट वरण, पालेभाजी आणि दह्यातली काकडीची कोशिंबीर (५२ ग्रॅम), मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे (५ ग्रॅम), रात्री बाजरीची एक लहान भाकरी, वांग्याची भाजी आणि पनीर (४० ग्रॅम). बेरीज १२६. अवघड आहे, पण उपाशी राहण्यासारखं नाही.

फायदा किती? २०२१ मध्ये 'बीएमजे'मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये सहा महिन्यांनी लो-कार्ब घेणाऱ्यांची साखर इतरांपेक्षा चांगली नियंत्रणात होती. वर्षभरानंतर मात्र हा फरक बराच कमी झाला. म्हणजे वर्षभर टिकवणं हेच खरं अवघड काम आहे. आणि टिकण्याचा प्रश्न आला की घर आलं.

दीक्षित डाएट आणि हे एकच आहे का?

नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवलेली पद्धत 'किती वेळा खायचं' यावर आधारलेली आहे. दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, हे तिचं मुख्य सूत्र. त्यात ग्रॅम मोजावे लागत नाहीत. लो-कार्बमध्ये 'काय आणि किती' हा प्रश्न असतो, म्हणून तिथे स्वयंपाकघराचा सहभाग जास्त लागतो.

जोडीदाराने काय फरक पडतो?

बराच. अमेरिकेतल्या 'लुक अहेड' या मोठ्या अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्यांना आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन दिलं गेलं. संशोधकांनी त्यांतल्या ३५७ जणांच्या जोडीदारांचंही वजन पाहिलं. जोडीदारांना काहीच शिकवलेलं नव्हतं. तरी वर्षभरात मार्गदर्शन मिळालेल्यांच्या जोडीदारांचं वजन सरासरी २.२ किलोने कमी झालं. दुसऱ्या गटातल्या जोडीदारांचं फक्त ०.२ किलोने. घरातलं सामान बदललं की दोघांचं ताट बदलतं.

उलट दिशेनेही तेच होतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. जोडीदाराला मधुमेह असेल तर आपल्याला तो होण्याचा धोका २६ टक्क्यांनी जास्त असल्याचं त्यात दिसलं. रक्ताचं नातं नाही, पण फ्रीज एकच असतो.

पण 'सहभाग' म्हणजे पहारा नव्हे. मधुमेह असलेल्यांच्या जोडप्यांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की जोडीदाराने प्रोत्साहन दिलं तर पथ्य जास्त पाळलं जातं आणि सतत बजावत राहिलं तर उलट कमी. "अहो, परत भात घेतलात?" हे वाक्य पाहुण्यांसमोर आलं की पथ्य राहतं बाजूला आणि भांडण सुरू होतं. "आज भाताऐवजी उसळ जास्त करूया का?" हा प्रश्न ताट वाढण्याच्या आधी येतो, म्हणून तो उपयोगी पडतो.

पण काम कुणाचं वाढतं?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सरकारच्या २०१९ च्या टाइम यूज सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. अशा घरात नवऱ्याने लो-कार्ब सुरू केलं तर धिरडं कुणी करायचं? बायकोने सुरू केलं तर ती सगळ्यांच्या पोळ्या लाटून स्वतःसाठी वेगळं कधी करणार? बरेचदा ती उरलेला भात संपवते आणि तिचं डाएट तिथेच संपतं.

म्हणून काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवून घ्या.

ज्याचं डाएट, त्याचं मोजमाप. वजनकाटा काढणं, पीठ मोजणं, वहीत लिहिणं हे डाएट करणाऱ्याने करायचं. कणीक मळण्याआधी पाच मिनिटं नवरा स्वयंपाकघरात उभा राहिला तर आकडाही मिळतो आणि कामही वाटलं जातं.

दोन स्वयंपाक नकोत, दोन ताटं चालतील. वरण, भाजी, कोशिंबीर सगळ्यांना एकच. फरक फक्त पोळी-भाताच्या प्रमाणात. वाढत्या वयाच्या मुलांना आणि घरातल्या वयस्कर मंडळींना लो-कार्बमध्ये ओढू नका.

बाजाराची यादी दोघांनी करा. बिस्किटांचा पुडा घरात आलाच नाही तर तो लपवावा लागत नाही.

आग्रहाला उत्तर जोडीदाराने द्यावं. लग्नात, सणाला "अजून एक पुरणपोळी घ्याच" म्हणणाऱ्या मावशींना खाणाऱ्याने नाही म्हटलं तर त्या ऐकत नाहीत. "त्यांना अर्धीच वाढा, मावशी" असं शेजारून कुणी म्हटलं की बरेचदा ऐकतात.

आठवड्यातून एकदाच हिशेब. रोज ताटात डोकावू नका. रविवारी दोघांनी वही पाहायची, काय जमलं नाही ते ठरवायचं, बस.

कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये?

हा भाग जोडीदारानेही वाचायला हवा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या सुरू असतील आणि कार्ब अचानक कमी केले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. औषधाचा डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो. घाम येणं, हात थरथरणं, धडधड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी 'कार्ब नको' हा नियम लागू नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी कार्ब फार कमी केले तर रक्तात कीटोन साठून आम्लता वाढण्याचा धोका असतो. साखर फारशी वाढलेली नसतानाही हे होऊ शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठा.

टाइप १ मधुमेह, किडनीचा विकार, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजणं किंवा पूर्वी कधी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर इंटरनेटवर वाचून हे डाएट सुरू करू नका.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्या आठवड्यात काहीच कमी करू नका. फक्त मोजा आणि लिहा. दुसऱ्या आठवड्यात चहातली साखर आणि एका वेळचा भात, एवढंच बदला आणि त्या जागी प्रथिनं आणा. तिसऱ्या आठवड्यात दोघांनी बसून ठरवा की अजून खाली जायचं की इथेच थांबायचं. २५० ग्रॅम वर्षभर टिकले तर ते महिन्याभरात सुटलेल्या १०० ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त कामाचे.

आज संध्याकाळी कणीक मळायच्या आधी परात काट्यावर ठेवून बघा. तुमच्या घरची पोळी किती ग्रॅमची, हे उत्तर कुठल्याही अ‍ॅपकडे नाही.